शिफ्ट बदलताना जुने सेटर आणि नवी पोरं एकमेकांशी बोलतच नाहीत, काय करावं?

शिफ्टवाला (वाळूज)

राम राम मंडळी. मी वाळूजला एका ऑटो पार्टच्या कंपनीत मशीन शॉपला लाईन सुपरवायझर आहे, कंपनीचं नाव कुणी विचारू नका. माझ्या लाईनवर दोन तऱ्हेची माणसं आहेत. एक म्हणजे पन्नाशी ओलांडलेले सेटर, मशीनवर टूल अन् माप लावून देणारे, १९८५ ला बजाजचा कारखाना इथं आला अन् पुढच्या आठ-दहा वर्षांत त्याच्या मागं छोट्या-मोठ्या व्हेंडर कंपन्या उभ्या राहिल्या, तेव्हा लागलेले. दुसरी आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून आलेली वीस-बावीसची पोरं, गंगापूर, वैजापूर, अंबड, घनसावंगी, गेवराईकडची. दोन्हीकडची माणसं कामाला चांगली आहेत हे आधीच सांगतो, कारण पुढं वाचून कुणी एका बाजूला शिव्या घालू नयेत.

मागच्या थंडीत एक प्रकार झाला. फर्स्ट शिफ्टच्या सेटरनं शिफ्ट संपता संपता सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) बोअरचा, म्हणजे पार्टमधल्या भोकाचा, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलला, ऑफसेट (किती कापायचं त्याचा आकडा) मारून ठेवला अन् ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला की मशीन अर्धा तास बंद होतं, पहिले काही पीस साईज कमी दाखवतील, हात लावू नका, गरम झालं की येईल बरोबर. मेसेज अगदी योग्य होता. पण सेकंड शिफ्टच्या पोरांचे मोबाईल गेटवर लॉकरमध्ये असतात, शॉप फ्लोअरवर बंदी आहे, त्यामुळं तो मेसेज कुणी ऐकलाच नाही. पोरानं पहिला पीस मोजला, साईज कमी आली, त्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलं तसं त्यानं ऑफसेट वाढवला. मशीन गरम झाल्यावर बोअर मोठं व्हायला लागलं. बोअर लहान राहिलं तर परत घासता येतं, मोठं झालं की ते भंगारातच. जाळीभर माल गेला.

दुसऱ्या दिवशी सेटर म्हणतो ह्या पोरांना सांगून काही उपयोग नाही, पोरगा म्हणतो मला कुणी सांगितलंच नाही. आणि दोघंही खरं बोलत होते!

मग एचआरनी जनरेशन गॅपवर एक सेशन ठेवलं, बाहेरून ट्रेनर आला, स्लाईड दाखवल्या, ह्या सालात जन्मलेले असे असतात, त्या सालात जन्मलेले तसे असतात. जुने म्हणले आम्हाला म्हातारं ठरवायला बोलावलंय, पोरं म्हणली आम्हाला बेजबाबदार. त्या दिवसापासून आधी निदान चहाला एका टेबलावर बसायचे ते पण बंद झालं.

माझं म्हणणं असं आहे की स्वभावाचा इथं फार संबंध नाही. पूर्वी एक शिफ्ट सुटायची अन् दुसरी लागायची त्यात वीस-पंचवीस मिनिटं दोघं मशीनपाशी सोबत असायचे, कारण कंपनीच्या गाड्या उशिरा सुटायच्या. आता भोंगा झाला की दहा मिनिटात गाडी निघते. ज्याला पैठण रोडला नाहीतर फुलंब्रीला जायचंय तो गाडी सोडून मशीनपाशी थांबणार आहे का? बोलायची जी जागा होती ती आपण काढून घेतली, अन् आता म्हणायलोत की ह्यांचं एकमेकांशी जमत नाही. तुमच्याकडं काय अनुभव आहे, कुणी काही केलंय का, सांगा.

मांजराकाठ (लातूर)

तुम्ही पोरांची बाजू जरा जास्त घ्यायलात असं वाटतंय. आमच्याकडं डाळ मिलला बी हेच आहे. चाळणी कधी बदलायची, दाण्याला पाणी किती द्यायचं हे सांगायला गेलं तर पोरगं मान हलवतं अन् नजर मोबाईलवर. ऐकायचंच नसल त्याला गाडी दोन तास उशिरा सोडली तरी काय फरक पडणार हाय.

रूम_नंबर_चार (बजाजनगर)

मी त्याच वयाचा आहे म्हणून लिहायलोय. मांजराकाठ काका, राग मानू नका पण मान हलवणाऱ्या पोराला तुम्ही कधी विचारलं का की तुला काय समजलं? मी वाळूजला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात एक शंका विचारली, तर चार लोकांसमोर ऐकावं लागलं की डिप्लोमा केला अन् एवढं बी येत नाही का. त्याच्यानंतर कोण विचारतंय. मान हलवायची, रूमवर येऊन यूट्यूबवर बघायचं, अन् यूट्यूबवरचं मशीन वेगळं कंट्रोलर वेगळा, त्यातून अर्धंच कळतं, मग दुसऱ्या दिवशी परत चुकतं, परत बोलणी.

आणि शिफ्टवाले सर, तुम्ही गाडीचं लिहिलं ते बरोबर आहे पण एक गोष्ट सोडली. आम्ही ठेकेदाराकडून आहोत. सहा-सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरी कंपनी. माझ्या रूमवर चौघं आहेत, चौघांचं असंच आहे. ज्या सेटरला माहीत आहे की हे पोरगं दिवाळीपर्यंत सुद्धा टिकणार नाही तो त्याला मनापासून का शिकवेल? अन् मला माहीत आहे की मी जाणार आहे तर मी त्यांच्या मशीनची काळजी किती करावी? आम्हाला आदर नाही असं सगळे म्हणतात. आम्ही गावाकडं मोठ्या माणसांच्या पुढं आवाज न चढवणारी पोरं आहोत. पण इथं आमचं नाव सुद्धा कुणाला माहीत नसतं, "ए ट्रेनी" म्हणून हाक मारतात.

नांदेडची_सिस्टर

मी स्टाफ नर्स आहे, सरकारी रुग्णालयात. थोडी वेगळी बाजू मांडते, कृपया पूर्ण वाचा.

शिफ्टवाले दादा, तुमच्या जुन्या सेटर लोकांचे कान कधी तपासलेत का? मशीन शॉपमध्ये वीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाला ऐकायला कमी येणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, पण ते त्याला स्वतःला पण लवकर कळत नाही, कारण आवाज येत असतो. मोठ्या आवाजानं कानाची वरच्या पट्टीतली ताकद आधी जाते, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास, आणि वयानुसार येणारं बहिरेपण पण वरच्या पट्टीपासूनच सुरू होतं. म्हणजे दोन्ही एकाच जागी येऊन बसतात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, च, ट, फ हे वरचे, ते गळतात. त्यामुळं त्या माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आता तुमच्याच कामाचं बघा. पोरगा म्हणला ऑफसेट सात दिलाय. स ऐकू नाही आला तर राहिलं काय? आत. आठ म्हणला तरी जवळपास तसंच ऐकू येणार. मागं मशीन चालू असल तर विचारायलाच नको. आणि माणूस काय करतो, दोनदा विचारायला लाज वाटते म्हणून हो म्हणतो नाहीतर चिडून गप्प बसतो. पोराला वाटतं काका खडूस आहेत.

अशा माणसाशी ओरडून बोलून फायदा होत नाही, उलट आवाज फाटतो. समोर उभं राहून, तोंड दिसेल असं, सावकाश आणि जरा खालच्या पट्टीत बोलायचं. आकडा असेल तर लिहून दाखवायचा.

दुसरं डोळ्यांचं. चाळीशी लागल्यावर जवळचं बारीक दिसत नाही हे काही वेगळं सांगायला नको. तुमचे सेटर व्हॉइस मेसेज का पाठवतात? टाईप करायला खिशातला चष्मा काढून लावावा लागतो, हाताला कूलंट लागलेलं असतं, बोलून टाकणं सोपं. पोरं लिहून का पाठवतात? तेवढ्या आवाजात व्हॉइस ऐकू येत नाही म्हणून. म्हणजे जुन्याचं नवा ऐकत नाही आणि नव्याचं जुना वाचत नाही, ह्यात मनात कुणाच्याच काही वाईट नाही.

कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि आवाजामुळं आलेलं बहिरेपण कायद्याच्या आजारांच्या यादीत आहे, आधी १९४८ च्या कारखाना कायद्यात होतं, २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेत आहे. म्हणजे तपासणी मागणं हा काही उपकार मागणं नाही.

शिफ्टवाला

ताई, खरं सांगतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. आमचा एक सेटर आहे, पोरं म्हणतात तो मुद्दाम उत्तर देत नाही. तो नेहमी एकाच बाजूनं मान वळवून ऐकतो. आता लक्षात यायलंय.

जुना_सेटर (चिकलठाणा)

मी बोलून टाइप करतो आहे नातवाने मोबाईलवर लावून दिलं आहे त्यामुळे स्वल्पविराम वगैरे बघू नका मी चिकलठाण्याला ३४ वर्षं काढली आधी लेथवर नंतर सीएनसीवर आणि आता रिटायर आहे सिस्टर बाई बोलल्या ते शंभर टक्के खरं आहे माझ्या घरात टीव्हीचा आवाज किती मोठा असतो ते माझ्या सुनेला विचारा

पण मला दुसरं सांगायचं आहे आम्हाला ज्यांनी शिकवलं ते आमचे उस्ताद फार बोलायचे नाहीत त्यांच्याजवळ उभं राहायचं लोखंडाचा बर म्हणजे कीस निघताना त्याचा रंग बघायचा टूल घासला की आवाज बदलतो तो ऐकायचा महिने महिने नुसतं ऐकायचं मग एक दिवस ते बाजूला सरकायचे आणि म्हणायचे चलाव बेटा त्यावेळी आमच्याकडे वेळ होता आणि त्यांना खात्री होती की हा पोरगा इथंच राहणार आहे

मग मध्ये एक साल असं आलं की कंपनीने एक सल्लागार आणला तो आमच्यापाशी वही घेऊन बसला कुठल्या पार्टला काय फीड काय स्पीड कुठं मशीन दगा देतं सगळं लिहून घेतलं आम्ही हौसेनं सांगितलं कुणीतरी विचारतंय म्हणून आनंदच झाला आणि त्याच्यानंतर थोड्या महिन्यात नोटीस बोर्डावर व्हीआरएसचा म्हणजे स्वतःहून नोकरी सोडायच्या योजनेचा कागद लागला माझ्या सोबतचे कितीतरी लोक गेले त्या दिवसापासून जे राहिले त्यांनी तोंड बंद केलं जे डोक्यात आहे तेवढीच आपली नोकरी असं झालं आज पोरांना वाटतं म्हातारे सांगत नाहीत तर त्याच्यामागं हे आहे पोरांवर राग नाही ज्याने वही भरून घेतली त्याच्यावरचा राग आहे आणि तो पोरांवर निघतो हे चुकीचंच आहे पण होतं

आणि पोरांना एक विनंती टूल कापत असताना पाठीमागून येऊन काही विचारू नका लक्ष तिकडं असतं माणूस दचकतो आणि मग तोंडातून वाकडं निघतं सायकल संपू द्या मग समोर येऊन विचारा कुठलाही सेटर सांगेल

रूम_नंबर_चार

आजोबा, हे व्हीआरएसचं आम्हाला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या लाईनवरचे मामा वही काढली की उठून जातात, मला वाटायचं त्यांना लिहून घेतलेलं आवडत नाही. मागून येऊन विचारायचं मी पण करतो. उद्यापासून नाही करणार.

पूर्णाकाठ (परभणी)

कारखान्याचं मला कळत नाही पण महसूलमध्ये आहे, अव्वल कारकून. आमच्याकडची दोन उदाहरणं देतो.

२०२३ ला तलाठी भरती निघाली, ४,६४४ पदं, त्यातून आलेली पोरं-पोरी आता सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांवर आहेत. हुशार आहेत, कायदा पाठ, मोबाईलवर बोटं अशी चालतात की बघत राहावं. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर आहे, त्यांना ते सहज जमतं. पण गावात कोतवाल म्हणतो बाभळीच्या वावरात जाऊ, अन् ही पोरगी गट नंबर विचारायली. कोतवालाला गट नंबर माहीत नाही, तिला वावर माहीत नाही. आमच्या इथल्या एका तलाठी ताईनं काय केलं, कोतवालाला मोटरसायकलवर मागं बसवलं अन् सगळी शिवार फिरून नकाशाच्या झेरॉक्सवर तो म्हणंल ते नाव पेन्सिलनं लिहीत गेली. आता त्या सज्जात दोघांचं इतकं जमतं की तक्रारच नाही. कुणी सेशन घेतलं नव्हतं.

दुसरं, २०२३ मध्येच न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाडाभर जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं. त्या विषयाच्या राजकारणात मी जात नाही, इथं तो वाद नको. कामाचं सांगतो. निजामाच्या काळातलं रेकॉर्ड, कुठं उर्दू, कुठं मोडी. आम्हा जुन्यांना पण ते वाचता येत नाही, पण कुठला बस्ता (कागदांचं गाठोडं) कुठल्या मांडणीवर आहे अन् गावात कोण वाचून देऊ शकतो हे माहीत होतं. नव्या पोरांनी स्कॅन केलं, याद्या केल्या, रात्री उशिरापर्यंत बसले. रेकॉर्ड रूममध्ये खाली जमिनीवर सतरंजी टाकून आम्ही सोबत बसायचो, धुळीनं सगळ्यांची नाकं गळायची. त्या दिवसांत कुणी कुणाला जुना-नवा म्हणलं नाही. ते काम संपलं, सगळे आपापल्या टेबलावर गेले, अन् परत सुरू झालं, "साहेब मी व्हॉट्सअपला पाठवलंय" अन् "मला फाईलवर टिपणी पाहिजे".

पोरांना वाटतं आम्ही कागदाला चिकटून बसलोत. बाळांनो, माहितीचा अधिकार आला २००५ ला, त्याच्या आधीपासून ऑडिट आहेच, व्हॉट्सअपवर साहेबांनी तोंडी काय सांगितलं ते पाच वर्षांनी कुणी मान्य करत नाही. सही कुणाची हे बघून माणूस निलंबित होतो. आम्ही सोबतच्या माणसांना असं जाताना बघितलंय म्हणून टिपणी मागतो. हे कारण मी आमच्या पोरांना बसवून सांगितलं तर त्यांना लगेच पटलं, आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून शिफ्टवाले, तुमचं म्हणणं मला पटतं. सोबत बसायला काम पाहिजे अन् जागा पाहिजे.

मांजराकाठ

पूर्णाकाठ, तुमचं कोतवालाचं वाचून बरं वाटलं. मी मघा लिहिलं ते रागात होतं, पण मोबाईलचं मत माझं कायम आहे, मिलमध्ये पट्टे फिरतात, नजर खाली असली की बोट जातं.

नांदेडची_सिस्टर

ते तर बरोबरच आहे दादा, सुरक्षेचा विषय वेगळा.

शिफ्टवाले दादा, आमच्याकडं ड्युटी बदलताना ओव्हर देतात, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सोपवतात. ओव्हर झाल्याशिवाय मागची सिस्टर वॉर्ड सोडत नाही, मग ती रिटायरमेंटला आलेली असो की काल लागलेली. आणि ओव्हर टेबलावर बसून नाही, बेडपाशी उभं राहून. पेशंटची आत्ता काय स्थिती, आधी काय झालंय, माझ्या मते काय चाललंय, आणि तू पुढं काय कर, ह्या क्रमानं. घेणारीनं ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. डॉक्टरांनी तोंडी औषध सांगितलं तरी आकडा परत उच्चारायचा. ह्यात आमच्या मोठ्या इन्चार्ज सिस्टरला कुणी नवी मुलगी परत म्हणून दाखवते तेव्हा अपमान वाटत नाही, कारण सगळ्यांनाच करायचं असतं. एकट्या नव्या मुलीला म्हणायला लावलं असतं तर ती परीक्षा झाली असती.

तुमच्या मशीनला पण हे बसतं. आत्ता साईज काय येते, इन्सर्ट कधी बदलला, मशीन कसं वागतंय, पुढच्या तासात काय करू नको. मशीनपाशी उभं राहून, दोन-तीन मिनिटात होतं.

जुना_सेटर

हे चांगलं आहे पण पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा रजिस्टर नको रजिस्टर कपाटात जातं

शिफ्टवाला

सगळ्यांचे आभार, मनापासून. ह्या आठवड्यात मी तीन ठिकाणी बोललो, काय झालं ते लिहितो.

गाडीचं अजून ठरलं नाही. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो पंधरा मिनिटं थांबलो तर पुढची ट्रिप बिघडते. मी म्हणलं मग येणारी शिफ्ट दहा मिनिटं आधी आणा अन् तेवढे पैसे द्या, फुकट थांबा म्हणणार नाही. फाईल वरती गेलीय. तोपर्यंत माझ्या लाईनवर शेवटची दहा मिनिटं मशीन साफ करायला असतात, त्यातच ओव्हर सुरू केलाय. प्रत्येक मशीनला पांढरी पाटी, मार्करनं मोठ्या अक्षरात इन्सर्ट बदलल्याची वेळ, शेवटचा ऑफसेट, अन् "हात लावू नका" असं काही असल तर ते. दोघांनीही परत म्हणून दाखवायचं, सेटर असो का ट्रेनी. ग्रुपवर मशीनबद्दल काही टाकायचं नाही, तिथं फक्त सुट्टी अन् गाडीचं.

जुने सेटर काका, तुमचं वहीचं वाचून मी आमच्या लोकांशी बोललो. पाटी शिफ्ट संपली की पुसायची, फोटो काढायचा नाही, फाईल करायची नाही, हे मी त्यांच्यासमोर मॅनेजरकडून वदवून घेतलं. दोघं लगेच तयार झाले, एक जण अजून पाटीवर काही लिहीत नाही, तोंडी सांगतो. चालेल.

रूम नंबर चार, तुझ्या म्हणण्यावर माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. ठेकेदाराचा ब्रेक बंद करणं माझ्या हातात नाही अन् जोपर्यंत ते आहे तोपर्यंत पाटी लावून सगळं ठीक होईल असं मी म्हणणार नाही. माझ्या हातात एवढं आहे की पोराला आज सीएनसी, उद्या पॅकिंग, परवा डिबरिंग असं फिरवायचं नाही, जाईपर्यंत एकाच सेटरपाशी ठेवायचं. अन् नावानं हाक मारायची, ते पहिल्या दिवसापासून सुरू केलंय.

कानाच्या तपासणीला सेफ्टी ऑफिसर तयार झालाय, ऑडिओमेट्री करणाऱ्यांना बोलवायचंय.

रूम_नंबर_चार

सर, तपासणी फक्त पर्मनंट लोकांची का आमची पण? आम्ही पण त्याच आवाजात उभे असतो. कानात घालायचे प्लग आम्हाला मागितल्याशिवाय देत नाहीत.

नांदेडची_सिस्टर

सगळ्यांची झालीच पाहिजे. नव्या पोरांची तर आधी, म्हणजे आत्ता कान कसा आहे ह्याची नोंद राहते आणि पुढं बिघडला तर दाखवता येतं. गेलेलं ऐकणं परत येत नाही, प्लग आत्ताच घाला.

शिफ्टवाला

यादीत ठेकेदाराची पोरं पण टाकतोय, प्लगचं स्टोअरला उद्याच सांगतो. तू एक काम कर, पेस्लिपवर ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापला जातो का बघ. महिना २१,००० पर्यंत पगार असला तर लागू असतं, तुझ्या पगारातून ०.७५ टक्के अन् मालकाकडून ३.२५ टक्के. ठेकेदारानं भरलं नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. नंबर मिळाला की कानाचं, डोळ्याचं सगळं ईएसआयच्या दवाखान्यात दाखवता येतं.

रूम_नंबर_चार

स्लिप मिळतच नाही सर, पगार डायरेक्ट खात्यात येतो. उद्या चौघं मिळून ठेकेदाराकडं मागतो.

शिफ्टवाला

मागा. नाही दिली तर मला येऊन सांगा, मी सोबत येतो एचआरकडं.